कोणाच्या घरचा घास

अमेरिकेतल्या चायनीज हॉटेलात मंचुरियन मिळत नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळलं आणि खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं. यवतमाळच्या बसस्टँडसमोर संध्याकाळी लाल पाट्यांच्या गाड्या लागतात, कढईतून हातभर जाळ निघतो, पानकोबी उडते, ते चायनीज अशी माझी पक्की समजूत होती. मुलगा म्हणाला, "बाबा, मंचुरियन आपल्याकडचं आहे. चीनमध्ये ते कोणाला माहीतही नाही."

मी म्हटलं, "मंग चीनवाल्यायचंच काहीतरी चुकून राह्यलं."

हे फोनवर दादाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कळंबजवळच्या आमच्या गावात आमचं घर एकत्र, शेती एकत्र, आणि कारभार त्याच्या हातात. कळंबच्या बाजाराला गेला की तो चायनीजच्या गाडीवर एक प्लेट खायचाच, घरी कोणाला न सांगता, आणि खाता खाता नावंही ठेवायचा. "भज्याले लाल रंग देला अन् नाव बदललं." ज्या अमेरिकेत मंचुरियन नाही त्या अमेरिकेबद्दल त्याचं मत त्या दिवशी जे खराब झालं ते शेवटपर्यंत सुधारलं नाही. "मंग कायचं चायनीज रे ते? कायले जाता तिथं?"

जायचो, कारण दुसरा इलाज नव्हता. माझी बायको काही वर्षांपूर्वी गेली. मुलाचं लग्न व्हायचं होतं. नोकरीसाठी तो तिकडच्या एका छोट्या गावात नव्याने राहायला गेला होता, आणि पेरण्या आटोपल्यावर दादानेच मला त्याच्याकडे ढकललं. "जाऊन ये. पोरगं एकटं हाये, अन् तूही इथं भिंतीकडे पाहत बसते." तर आम्ही दोघे पुरुष, दोघांच्याही हाताला चव नाही. खिचडीचा कंटाळा आला की कोपऱ्यावरच्या त्या हॉटेलात.

हॉटेलच्या एका बाजूला कपडे धुण्याचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला रिकामा गाळा. काउंटरच्या वर पदार्थांचे फोटो होते, ते इतके जुने की सगळं जेवण निळसर दिसायचं. लोक येऊन कागदी डबे भरून घेऊन जायचे, बसून खाणारे फारसे कोणी नसायचे. आत कढईवर एक पन्नाशीचा माणूस, पण मालकीण त्याची आई. दादाच्याच वयाची असावी. पायात रबरी चपला, अंगात बिनबाह्यांचं जाकीट. डबा घेऊन माणूस दाराकडे वळला की ती मागून खणखणीत आवाजात ओरडायची, "कम अगेन!" पुन्हा या. सगळ्यांना, लहान पोरांनासुद्धा. तिच्या इंग्रजीतलं हे एवढंच मला समजायचं, आणि मी दरवेळी वळून सांगायचो, "येतो."

एकदा सकाळी फिरून येताना काचेतून दिसलं की हॉटेल उघडायचं आहे आणि ती मागच्या गोल टेबलावर शेंगांचा ढीग घेऊन बसली आहे. चपट्या मटाराच्या शेंगा. टोक मोडायचं, कडेचा दोरा ओढायचा, शेंग परडीत टाकायची. एवढा ढीग एकटं माणूस निवडत बसलेलं आमच्याकडे कोणाला पाहवत नाही. रस्त्यावरून जाणारीही दोन मिनिटं टेकते. मी दार ढकललं, समोर जाऊन बसलो आणि एक शेंग उचलली. तिने माझ्याकडे पाहिलं. अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. मी दोरा नीट काढत नव्हतो म्हणून पहिल्या दिवशी बोलणी खाल्ली. चिनी भाषेत खाल्ली, पण बोलणी कोणत्याही भाषेत ओळखू येतात.

त्यानंतर रोजचंच झालं. मुलगा ऑफिसला गेला की मी तिकडे. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. "काहून वं बाई, आज लय शेंगा आणल्या? लग्न हाये का कोणाचं?" ती त्यावर लांबलचक उत्तर द्यायची. सूर ऐकून मला वाटायचं की ती मुलाची तक्रार सांगते आहे, मग मीही माझ्या मुलाची सांगायचो. दहाच्या सुमारास कढईवरचा मुलगा त्यांच्या घरच्यांचं जेवण टेबलावर आणून ठेवायचा, आणि मी उठायचो. जेवायच्या वेळी परक्यानं बसू नये एवढं कोणत्याही देशात कळतं.

दादाने ही गोष्ट घरी तिखटमीठ लावून सांगितली. एक दिवस त्याच्या हातून फोन ओढून वहिनी म्हणाली, "भाऊजी, इथं जन्मात कधी वालाची शेंग मोडली नाही तुम्ही. तिथं चिनीनीच्या घरी शेंगा निवडून राह्यले?" मागून दादा हसत होता. त्या घरात मी दहा वर्षांचा असताना वहिनी लग्न होऊन मुकुटबनहून आली. माझी आई लवकर गेली होती. मला न्हाऊमाखू घालण्यापासून चोरून खाल्लेला गूळ ओळखण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. माझं खोटं तिला तोंड न पाहता कळतं. फोनवरही कळतं, हे पुढे कळलं.

आता आमच्या घरातल्या दोन रीती सांगायला हव्यात, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिली रोजची. ताटं वाढली की घरातला मोठा माणूस पहिला घास घेतो, मग बाकीचे ताटाला हात लावतात. वडील होते तोवर वडील, मग दादा. दादा बोलत बसला तर भात निवतो, पोरं चुळबुळ करतात, पण हात लावत नाहीत. पाहुण्यांना याचं हसू येतं. आम्हाला सवय आहे.

दुसरी, माणूस गेल्यावरची. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. माती देऊन माणसं परत आली की शेजारचे किंवा सोयरे त्यांच्या घरी शिजवून आणतात. भात, वरण. हळद नाही, फोडणी नाही, आमच्यात तर मीठही नाही. त्याला कडू घास म्हणतात. कडू असं त्यात काही नसतं. तो मागायचा नसतो, देणाऱ्यानं आपल्या मनानं आणायचा असतो, आणि देऊन निघताना "येतो" म्हणायचं नसतं. दुःखाच्या घरी पुन्हा येतो असं कोण म्हणेल? उठायचं आणि मुकाट्यानं चालू लागायचं. माझी बायको गेली तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो आणि ताट सरकवून दिलं होतं. दादाने स्वतः आधी घास घेतला, मग माझ्याजवळ येऊन बसला. "घे," एवढंच म्हणाला आणि मला लहान पोरासारखं भरवलं. त्या घासानं मी पुन्हा माणसांत आलो. हे त्याला मी कधी बोलून दाखवलं नाही, आणि आता दाखवता येणार नाही.

ऑक्टोबर होता. दादाने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं की सोयाबीन काढून झालं, पोती ओसरीत लावली, कापूस फुटून राह्यला. पहाटे तो अंगणात तोंड धुवायला बसला आणि उठलाच नाही. आमच्याकडे अमेरिकेत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. पुतण्याचा फोन आला. दादाचा हा एकुलता एक मुलगा एरवी फार बोलतो. त्या दिवशी त्याने "काका" म्हटलं आणि पुढे काही बोललाच नाही, म्हणून मला कळलं.

विमानाचं तिकीट दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं मिळालं. म्हणजे मातीला मी नसणार होतो. थांबू नका, असं मीच सांगितलं. लांबचे सोयरे यायचे होते म्हणून त्यांनी दिवस कलेपर्यंत वाट पाहिली, आणि आमच्या सकाळी मुलाच्या फोनवर मी माझ्या भावाची माती पाहिली. तिकडे फोन कोणाच्या तरी हातात होता आणि तो हात सारखा हलत होता. मला दादा कमी आणि माणसांच्या पाठी जास्त दिसल्या. मी पडद्याला हात लावला तर चित्रच थांबलं. मुलाने ते पुन्हा सुरू करून दिलं.

नंतर मुलगा चहा ठेवायला उठला. मी म्हटलं, "राहू दे. चूल पेटवायची नाही."

"बाबा, ही चूल नाही. नुसती तापणारी काच आहे. हिच्यात जाळ तरी दिसतो का?"

"शिजते ना तिच्यावर? मंग चूलच ते."

त्याने भांडं ठेवून दिलं. तो वाद घालणारा मुलगा आहे, पण त्या दिवशी घातला नाही. त्याच्याही मोठ्याबाबांचं सुतक होतं, दादानेच त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. आम्ही दोघे त्या स्वच्छ स्वयंपाकघरात नुसते बसून राहिलो. खिडकीबाहेर शेजाऱ्याचं अंगण होतं, पण त्या शेजाऱ्याचं नाव आम्हाला माहीत नव्हतं आणि त्याला आमचं.

तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "काका, आई घास घेऊन नाही राह्यली."

वहिनीच्या माहेरची माणसं मुकुटबनहून आली होती. तिच्या भावांनी शेजारच्या घरी भात-वरण शिजवून आणलं, ताटं वाढली. लेकरांना खाऊ घातलं. मोठी माणसं बसली आणि सगळ्यांचे हात मांडीवर राहिले. पहिला घास कोणी घ्यायचा? वहिनीने निकाल दिला होता. आता घरात मोठे भाऊजी आहेत, त्यांचा कडू घास झाल्याशिवाय ती घेणार नाही. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. तिला साखरेचा त्रास आहे, गोळी रिकाम्या पोटी चालत नाही. पुतण्या म्हणाला, "डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली म्हणते. पण आयकत नाही. तुम्ही तेवढं घेतला म्हणा ना, काका."

मी बोलायच्या आत मुलाने फोन घेतला आणि तिकडे वहिनीला द्यायला सांगितलं. "मोठीआई, बाबांनी घेतला घास. तू घे आता."

पलीकडून वहिनीचा आवाज, थकलेला, पण नेहमीचाच. "कोणाच्या घरचा, बाप्पा?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. "इथलाच," तो म्हणाला.

"इथलाच म्हणजे कोणाच्या घरचा?" मग तीच म्हणाली, "होऊ दे तुह्या बाबाचं. मले घाई नाही." आणि फोन पुतण्याच्या हातात गेला.

मला राग आला, सांगायला लाज नाही. वहिनीचा, रीतीचा, त्या काचेच्या चुलीचा, दादाचाही. हा माणूस स्वतः निघून गेला आणि पहिला घास माझ्या गळ्यात अडकवून गेला. मुलाने दोन तासांच्या अंतरावर राहणाऱ्या एका नागपूरच्या कुटुंबाला फोन केला. चांगली माणसं. संध्याकाळी डबा घेऊन येतो म्हणाली. पण आमची संध्याकाळ होईपर्यंत तिकडे पुन्हा पहाट झाली असती, आणि वहिनी तोवर तशीच बसली असती. बसलीच असती, मी तिला ओळखतो.

"कोपऱ्यावर जाऊ," मुलगा म्हणाला. "तिथं काहीतरी घ्या. दुसऱ्याच्याच चुलीवरचं आहे ना?"

"विकतचा घास कडू घास होत नाही."

"मग मागून पाहू त्यांना, असंच द्या म्हणून."

"मागितलेलाही होत नाही."

तो वैतागला. "मग काय होतं, बाबा?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चपला घातल्या, कारण घरात बसवत नव्हतं, आणि माझी रोजची तिकडे जायची वेळ झाली होती. उद्यापासून मी नाही एवढं त्या बाईला सांगून यावं असंही मनात होतं. सांगितल्याशिवाय कोणाच्या घरचं जाणं-येणं मोडू नये.

ती शेंगा घेऊन बसलेलीच होती. आज सोबत मुलगा पाहून तिने त्यालाही खुर्ची दाखवली. मी नेहमीच्या जागी बसलो. तिने अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. मी हात मांडीवर ठेवले. सुतकाचे हात लोकांच्या खाण्याला कसे लावायचे? तिने शेंगा आणखी पुढे ढकलल्या आणि काहीतरी म्हणाली, बहुतेक आळशी म्हणाली असेल. मी मान हलवली. मग तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग तोंडाकडे.

मुलगा इंग्रजीत हळूच म्हणाला की यांचे भाऊ गेले, काल, भारतात.

तिच्या हातातली शेंग अर्धी दोरा ओढलेली होती. ती तिने खाली ठेवली. मुलाला तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत काही विचारलं आणि सोबत हात आधी डोक्याच्या वर, मग टेबलाच्या खाली नेऊन दाखवला. मुलगा मला म्हणाला, "विचारते आहे, मोठा की लहान."

आदल्या संध्याकाळपासून मुलाच्या ऑफिसातल्या पुष्कळ माणसांनी दुःख झालं म्हणून कळवलं होतं, आणि ते मनापासूनच कळवलं असेल. पण मोठा की लहान हे कोणी विचारलं नव्हतं. मी हात डोक्याच्या वर नेला. मोठा. आणि मग मला तो हात खाली घेता येईना. मी रडलो, चांगला हुंदके देऊन रडलो, त्या निळसर फोटोंच्या खाली. मुलगा माझ्या पाठीवर हात ठेवून बसला. बाईने दोन्ही हातांनी शेंगा ओढून परडीत भरल्या, परडी खाली ठेवली, टेबल पुसलं आणि आत गेली. आत कढईचा आवाज थांबला.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात भाताचे वाडगे होते आणि एक पांढरी बशी. बशीत पनीरसारखे पांढरे चौकोनी तुकडे, नुसते वाफवलेले. वर मिरची नाही, त्यांच्या सॉसचं ते काळं पाणी नाही, हिरवी पातसुद्धा नाही. यादीतलं ते नव्हतं. त्या निळ्या फोटोंत इतकं कोरं काहीच नव्हतं. मुलाचा हात सवयीनं खिशाकडे गेला. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की हात तिथूनच परत आला. मग ती माझ्यासमोर बसली, काड्यांनी एक तुकडा उचलला आणि माझ्या वाडग्यात ठेवला, एक मुलाच्या वाडग्यात, आणि स्वतः काड्या आडव्या ठेवून माझ्याकडे पाहत थांबली. आतून तिचा मुलगा हात पुसत आला, तोही बसला. त्यानेही हात लावला नाही.

मला एकदम जाणवलं की इथंही सगळे माझ्यासाठी थांबले आहेत.

मी आधी एक घास दादासाठी काढून टेबलाच्या कडेला ठेवला. बाईने एक छोटी बशी त्या घासाखाली सरकवली, जणू रोजचंच काम. मग मी हाताने तो पांढरा तुकडा भातात कुस्करला आणि पहिला घास घेतला. कण मीठ नव्हतं. माझ्यानंतर तिने काड्या उचलल्या, मग तिच्या मुलाने, मग माझ्या मुलाने.

"बाबा, हे कशाचं आहे माहीत आहे?" थोड्या वेळानं मुलगा म्हणाला. "सोयाबीनचं."

सोयाबीन! जन्मभर आम्ही ते पेरलं, काढलं, पोती भरून विकलं. दादाचे शेवटचे दिवस त्याच्यातच गेले. ते माणसाच्या ताटात कसं येतं हे मात्र आम्ही दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं. मुलाने तिला काही विचारलं, मग मला सांगितलं की तिच्या गावाकडे माती देऊन आल्यावर हेच जेवतात. पांढरं, साधं. मी मान हलवली. आणखी काही विचारावंसं वाटलं नाही.

तिथूनच फोन लावला. पुतण्याने तो वहिनीच्या कानाला धरला.

"घेतला, वहिनी."

"कोणाच्या घरचा?"

"इथं ते बाई हाये ना, शेंगावाली. तिच्या घरचा."

"चिनीनीच्या?" ती थांबली. "मांगितला का तुम्ही?"

"नाही."

"मनानं देला तिनं?"

"मनानं देला. आपल्या हातानं वाढला."

मागे कोणीतरी ताट पुढे सरकवल्याचा आवाज आला. मग मला तिचा घास ऐकू आला, तिचं चावणं, आणि मध्येच एक हुंदका, आणि पुन्हा चावणं. पुतण्याने फोन तसाच धरून ठेवला होता. इतकं चांगलं मी त्या सबंध दिवसात काही ऐकलं नव्हतं. मुलाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याने वाडग्यातला उरलेला भात संपवला.

आम्ही निघालो. "येतो" माझ्या तोंडाशी आलं होतं, सवयीनं. मी ते गिळलं. वळून पाहिलं तर बाई दारापर्यंत आली होती. रोज अनोळखी माणसांनाही ती मागून ओरडायची, पण त्या दिवशी तिने ओठ मिटून घेतले होते. हात जोडले नाहीत, मान हलवली नाही, नुसती उभी राहिली. आम्ही वळणावर जाईपर्यंत उभी होती. त्यांच्याकडेही तशीच रीत असेल, किंवा तिचं तिलाच कळलं असेल. दुपारी सामान भरताना माझ्या लक्षात आलं की उद्यापासून येणार नाही हे तिला सांगायचं राहूनच गेलं.

चौथ्या दिवशी मी गावात पोचलो. ओसरीत सोयाबीनची पोती तशीच लावलेली होती, आणि त्यांना टेकून माणसं बसली होती. मला पाहून बाया रडल्या, मग सगळेच रडले. दुपारी शेजारून जेवण आलं, पंगत बसली. मला पुतण्याच्या शेजारी बसवलं. ताटं वाढून झाली आणि घर गप्प झालं. भातावरची वाफ कमी होत चालली. एक लहान पोरगी चुळबुळ करू लागली, तिच्या आईने तिचा हात धरला. मला वाटलं, दादा अजून कोणाशी तरी बोलतो आहे वाटतं, आता बसेल. मी त्याच्या जागेकडे पाहिलं. तिथं पोती होती.

वहिनी आतल्या दारात बसली होती, कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. त्या तीन दिवसांत ती निम्मी झाली होती. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "भाऊजी, तिथला घास कसा होता?"

"अळणी," मी म्हटलं.

"मंग खरा होता," वहिनी म्हणाली. "घ्या आता. सारे थांबून राह्यले."

मी ताटाला हात लावला. माझ्यामागून सगळ्यांनी लावला.